काकूंचं एकुलतं एक कोडं

परवा फोनने आपणहून एक जुना फोटो समोर आणला: पेन्सिलीने आखलेल्या चौकटी आणि कोपऱ्यात चहाचा गोल डाग. शंकर नगरात आमच्या शेजारच्या काकू आणि मी मोबाइलवरच्या एका मराठी ग्रुपवर रोज शब्दकोडं सोडवायचो. सकाळी पोहे परतता परतता काकू खिडकीतूनच मला उत्तरं सांगायच्या. एकदा कोडं रचायची पाळी त्यांच्यावर आली. तीन दुपारी खपून त्यांनी ते रचलं आणि मी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. त्यातलं एक सूत्र होतं: ‘कशासाठी’ला तीन अक्षरी शब्द, उत्तर आमच्याकडे घरोघरी बोलला जाणारा ‘काहून’. ग्रुपप्रमुखांनी लिहिलं, “हा शब्द मराठी नाही. कृपया शुद्ध कोडी पाठवा,” आणि फोटो काढून टाकला. काकू हळूच म्हणाल्या, “मंग जनमभर कोनती भाषा बोलून राहिली मी?” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी लांबलचक उत्तर लिहिलं आणि ग्रुपच सोडला. दुसऱ्या सकाळी काकू म्हणाल्या, “तू गेली का बाई? आजचं मस्त हाये.” त्या अजूनही तिथली कोडी रोज सोडवतात. त्यांनी स्वतः मात्र पुन्हा एकही रचलं नाही, आणि त्यासाठी त्या प्रमुखांना मी आजही माफ केलेलं नाही.