तीन नंबरच्या मागाची खट्ट

“पोरीनं लग्नाच्या मांडवात बॉक्स लावत हिंडायचं, व्हय आक्का?”

खासबागेतल्या माझ्या छोट्या स्टुडिओत आप्पा उभ्याउभ्याच कडाडले. त्यांची मुलगी स्नेहल खाली मान घालून बसली होती. बी.एस्सी. झालेली. पुण्याच्या एका फिल्म कॉलेजात साउंड डिझाइनचा पुढचा कोर्स करायचा तिचा हट्ट. दुसऱ्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख, आणि आप्पा त्यावर पालक म्हणून सही करायला तयार नाहीत.

दोष त्यांचा नव्हता. आमच्याकडं ‘साउंडवाला’ म्हणजे वरातीपुढं टेम्पोत स्पीकर रचणारा. मी बावीस वर्षं सिनेमांचे आवाज रेकॉर्ड केले, तरी माझ्या सख्ख्या मामांनी हळदीला ‘येताना दोन बॉक्स आण’ म्हणून फोन केला होता.

“आप्पा, बसा आधी. पडद्यावर नायिका चहा ओतते ना, त्या चहाचा आवाज बहुतेक वेळा आम्ही नंतर बसवतो. पावलं, भांडी, बाजार, सगळंच. त्याला साउंड डिझाइन म्हणतात.”

“च्या वतायला कालेज लागतंय?”

वडगावात घरीच चार पॉवरलूम चालवणारा माणूस. आयुष्य खडखडाटात गेलेलं, त्यामुळं त्यांचं साधं बोलणंही गल्लीभर ऐकू जातं.

फॉर्मसोबत दोन मिनिटांची क्लिप जोडायची होती. स्नेहलनं घरचेच माग रेकॉर्ड केले होते. छान होतं, फक्त मधेमधे एक वाकडी ‘खट्ट’ यायची. सकाळीच मी तिला ऐटीत सांगितलं होतं, हा नॉइज आहे, काढून टाक. नॉइज म्हणजे नको असलेला आवाज. आता तीच क्लिप लावून मी हेडफोन आप्पांच्या कानांवर चढवला.

त्यांनी डोळे मिटले. बोट टेबलावर ठेका धरू लागलं. आणि एकदम ओरडले, “आगं, ह्यो तीन नंबरचा माग न्हवं? पिकर झिजलाय त्येचा!”

पिकर म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला टोला देणारा तुकडा.

स्नेहलनं हेडफोन काढून घेतला. “व्हय आप्पा. ती खट्ट काढणार हाय मी. मॅडम म्हणाल्या, नॉइज हाय.”

“काढू नगंस! खट्ट काढलीस तर त्यो आपला माग ऱ्हाईल व्हय?” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “असं कानानं वळखायचं शिकवत्यात तिथं?”

“होय.”

“मग आदी का न्हाय सांगितलंसा? ह्ये तर आमचंच काम की! कुटं करायची सही?”

मला इतका आनंद झाला, की पेन सापडेना.

कॉलेजच्या इंटरव्ह्यूत एका सरांनी स्नेहलला नेमकं तेच विचारलं. “ही खट्ट चुकून राहिली का?”

“नाही सर. तीन नंबरच्या मागाचा पिकर झिजलाय. माझे वडील शेजारच्या खोलीतूनही ओळखतात.”

पुढची दहा मिनिटं म्हणे सगळे फक्त मागांबद्दलच विचारत होते. ॲडमिशन झाली. आप्पा कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन आले आणि त्यांचा आवाज डब्याआधी पोचला. हल्ली ते वडगावभर सांगतात, “पोरगी साउंडला हाय.” त्यामुळं दोन लग्नांत बॉक्स लावायची विचारणाही येऊन गेली.

बावीस वर्षांत अशा किती खट्ट मी नॉइज म्हणून पुसून टाकल्या, देव जाणे. आता कात्री लावण्याआधी तो आवाज ज्यांच्या घरचा, त्यांना ऐकवते.