बूट काढून खेळायचं कोर्ट

मास्तरांच्या चितेला लाकूड मिळेना, तेव्हा पोरींनी बास्केटबॉलच्या बोर्डाच्या तुटक्या फळ्या आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपाला शहर सोडलं. ट्रकमध्ये पोत्यांवर बसले होते, पदराला वाळलेलं रक्त. नाक्यानाक्यावर सैनिक ट्रक थांबवत आणि संगिनीनं पोती भोसकत. एकानं माझ्या मंगळसूत्राकडे बोट केलं. मी काढून दिलं. ठेवून तरी काय करायचं होतं?

नागपूरच्या माझ्या जावांनो, नणंदांनो, नेमकं झालं काय हे तुम्ही किती वेळा विचारलंत. फोनवर मला ते कधी सांगवलं नाही. आता लिहूनच टाकते.

मास्तर म्हणजे आमचे हे. युगांडात गणित शिकवायला गेले आणि बास्केटबॉलच्या नादी लागले. आधीच्या लढाईत शाळेचं मैदान उखडलेलं. यांनी पोरापोरींना हाताशी धरून सिमेंट ओतलं, तेलाच्या पिंपाची कड कापून रिंग केली. बॉल एकच, सायकलवाल्याकडून ठिगळं लावून आणलेला. ठिगळावर पडला की भलतीकडेच उडायचा. पण वेड पसरलं हो. शेजारच्या शाळांनी कोर्टं बांधली, सामने व्हायला लागले, मुलींचीही टीम झाली. मास्तर तालमीत वाढलेले. कोर्टावर यायचं ते पायताण बाहेर काढून, जमिनीला हात लावून, हा त्यांचा नियम. निम्म्या पोरांकडे बूट नव्हतेच, त्यामुळे कोणाला कमीपणाही वाटला नाही.

मग फौजेनंच सरकार उलथवलं आणि लूट सुरू झाली. लोखंडी खांब न्यायला सैनिक कोर्टावर आले तेव्हा मुलींची प्रॅक्टिस चालली होती. मुलींनी झटकन गुडघे टेकले. तिकडे बायका वडीलधाऱ्यांना तसाच नमस्कार करतात. भीतीनं त्यांना तेच सुचलं. मास्तरांना काय सुचलं, तर त्यांनी शिट्टी फुंकली. "बूट बाहेर काढा," म्हणाले, पोरांना सांगायचे त्याच आवाजात.

मी चहा घेऊन कडेला उभी होते. सैनिकांनी बंदुकीच्या दस्त्यानं आधी त्यांचं तोंड फोडलं, मग डोकं. ते हलायचे थांबले तरी लाथा थांबल्या नाहीत. मग सैनिकांनी बोर्ड फोडून फेकले आणि खांब घेऊन गेले.

माझा धाकटा भाऊ वसंता अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी होता, मी त्याच्याकडे आले. त्याच्या अपार्टमेंटमध्ये पोळ्या करायच्या, टीव्ही बघायचा, संपलं. वर्षभरानं अचेंग आली. मुलींच्या टीमची ही कॅप्टन, वसंतापेक्षा हातभर उंच. आमच्या शाळेतल्या एका अमेरिकन बाईंनी खटपट करून तिला जवळच्या छोट्या कॉलेजात बास्केटबॉलची स्कॉलरशिप मिळवून दिली होती. ती मला मामा म्हणे, तिकडे आईला तसंच म्हणतात. वसंता म्हणायचा, ताई, मग मी कोण, काकू?

पण तिचं खेळणं पाहायला गेले, तर भलतंच. इथल्या मुली रिंगखाली कोपरं मारत, ढकलून देत. धक्का बसला की ही बॉल सोडून गुडघ्यांवर, दोन्ही हात डोक्यावर. कोचबाई मला म्हणाल्या, पोरगी गुणी आहे, पण असं असेल तर स्कॉलरशिप कॅन्सल करावी लागेल. म्हणजे परत पाठवणी. कुठे, तर त्याच सैनिकांच्या तोंडी.

उभं राहिलं की काय होतं, ते आम्ही दोघींनी एकाच जागी पाहिलं होतं. आता मीच तिला उभी राहा म्हणायचं. गेमच्या आधी जिमच्या दारात तिला धरलं.

"गुडघे टेकायचे ते माझ्यापुढे, मला मानतेस म्हणून. या पोरींपुढे नाही."

"मामा, मास्तर उभे राहिले होते."

"माहीत आहे. त्यांच्यासमोर बंदुका होत्या. इथे कोपरं आहेत. तुलाही दोन आहेत."

पहिल्याच धडकेत तिचा ओठ फाटला. जर्सीवर रक्त सांडलं. गुडघे वाकताना मला दिसले, आणि मी डोळे मिटले. आरडाओरडा झाला म्हणून उघडले, तर समोरची पोरगी डोळा धरून पालथी पडलेली आणि अचेंग मुठी आवळून तिच्या डोक्याशी उभी, तिघी मागून ओढताहेत तरी हलत नाही. रेफरीनं तिला बाहेर काढलं. आणि देवा, मला आनंद होत होता.

कोचबाईंनी तिला झाप झाप झापलं. पुढच्या गेमला बसवणार म्हणाल्या, पण टीममध्ये ठेवणार.

वसंतानं ड्राइव्ह करून आम्हाला आणलं. अख्खा रस्ता तो चिडवत होता, आता हिच्याशी भांडायची माझी हिंमत नाही. घर आता कुठलं, असं तुम्ही विचारता ना? जिथे उभं राहिलेलं माणूस जेवायच्या वेळेला परत येतं, ते. मी वरणभात वाढला. पहिल्याच घासाला लिंबू फाटक्या ओठाला झोंबलं, तशी ती केवढ्यांदा ओरडली. ओरड बाई, म्हटलं, ओरड.