गूगलवर नाही, जाऊन बघा!

आमच्या कॉलेजात असाइनमेंट कधी वेळेवर येत नाहीत, किस्से मात्र रोजच्या रोज जमा होतात. असाइनमेंट का आली नाही याची कारणं द्यावी लागतात, आणि त्या कारणांचेच पुढे किस्से होतात. हार्ड डिस्क भरली की आम्ही जुने प्रोजेक्ट उडवून टाकतो. किस्से उडवता येत नाहीत. स्टाफरूममध्ये डबे उघडले की ते आपोआप बाहेर पडतात, आणि एखादा पाहुणा जेवायला बसला असेल तर त्याला वाटतं, ही माणसं शिकवतात कधी?

शिकवतो हो! मी बंगळुरूत ॲनिमेशनच्या मुलांना शिकवते. तळी, झाडं, कचरा, पाणी यांच्या गोष्टी मुलांनी फिल्ममधून, गेममधून सांगायच्या, असा माझा विषय. बेळगावच्या आमच्या आत्याला हे समजावता समजावता मी दमले. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे झाडाचं कार्टून!" तेव्हापासून आमच्या घराण्यात माझी तीच ओळख आहे.

माझ्या जोडीला समीर. हा पुण्याचा, गेम डिझाइन शिकवतो. इथे येऊन बरीच वर्षं झाली तरी त्याचं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, या दोन शब्दांवर चाललंय, आणि गंमत म्हणजे चांगलं चाललंय.

माझा वर्गातला नियम एकच. गूगलवरून चित्रं उचलायची नाहीत. जे काढायचं ते आधी जाऊन, डोळ्यांनी बघून यायचं. पुढचे बहुतेक घोटाळे या नियमामुळेच झाले, असं समीरचं मत आहे. मला ते मान्य नाही.

*

गेल्या बॅचला प्रज्वल नावाचा मुलगा होता. अबोल, पण हातात कमालीची कला. त्याच्या वडिलांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. माणसं मूळची निपाणीची, घर चामराजपेटेत, आणि यशवंतपूरला अण्णांचं कापड रंगवायचं युनिट.

एके दिवशी अण्णांचा मला फोन. "मॅडम, पोरगं काय करायलंय तिथं?"

"गेम करतोय, अण्णा. एका माशाचा. सध्या त्या माशाला नीट पोहायला शिकवतोय."



"माशाला पोहायला शिकवाय कॉलेज लागतंय व्हय?"

मी हसले, ते हसले नाहीत. म्हणाले, "वर्षाच्या शेवटाला तुमचं प्रदर्शन असतंय न्हवं? मी येतो. सवता बघतो. त्यात काय दम दिसला तर शिकू दे फुडं. न्हाई दिसला तर जूनपासनं युनिटवर बसंल. मला बी आता एकट्याला रेटंना झालंय ओ."

राग यावा तर शेवटच्या वाक्यानं तोही नीट येईना. प्रज्वलला सांगितलं. तो म्हणाला, "मॅम, अण्णा आजवर एकही गेम खेळले नाहीयेत. फोनवरचा पत्त्यांचासुद्धा नाही." आणि पुढचं सगळं वर्ष त्या पोराच्या मानेवर ते प्रदर्शन बसून राहिलं.

*

मेघनाचा गेम होता झाडं तोडण्यावर. म्हणजे खेळणाऱ्यानं कुऱ्हाड चालवायची, झाड पडायचं, आणि त्याला अपराधी वाटायचं. कल्पना उत्तम! नियमाप्रमाणे बाई एका वखारीत जाऊन कुऱ्हाडीचे खरे आवाज रेकॉर्ड करून आल्या. ठक्क! ठक्क! कडाड! ऐकताना अंगावर काटा यायचा.

मी राहते त्या जे. पी. नगरच्या सोसायटीतली मुलं आम्ही माझ्या घरी गेम तपासायला बसवली. पोरांनी बघता बघता अख्खं जंगल साफ केलं. एकाचेही डोळे पाणावले नाहीत. उलट एक चिमुरडी मेघनाची ओढणी ओढत म्हणाली, "अक्का, झाडं संपली. आणखी दे ना!"

मेघना रडवेली. तिनं आठवडाभर खपून गेम बदलला. आता प्रत्येक झाड पडताना विव्हळायचं. पुन्हा मुलं बसवली. पहिलं झाड "आई गं!" करून पडलं, आणि हॉलमध्ये असा हशा पिकला की खालच्या मजल्यावरचे आजोबा चौकशीला वर आले.

आजोबांनीही चार झाडं पाडली.

*

अर्जुनला काडुपापावर फिल्म करायची होती. काडुपापा म्हणजे मोठ्या डोळ्यांचा, काटकुळ्या हातापायांचा छोटासा प्राणी. झाडावर इतका सावकाश चालतो की बघणाऱ्याला डुलकी लागावी. अर्जुन तो बघून आला, आणि चाल अंगात भिनावी म्हणून संध्याकाळी कॉलेजच्या मागच्या भिंतीवरच्या पाइपावर सराव करू लागला. एक हात उचलायचा. थांबायचं. डोळे मोठे करायचे. मग दुसरा हात.

आमचे वॉचमन मंजण्णा खुर्ची टाकून खाली बसलेले. मी धावत गेले. म्हटलं, "मंजण्णा, अहो चोर समजून मारलं नाहीत ना त्याला? आपला विद्यार्थी आहे!"

"चोर?" मंजण्णा कन्नडमध्ये म्हणाले, "मॅडम, चहाच्या आधीपासून बघतोय, अजून खिडकीपर्यंतसुद्धा पोचला नाही. हा चोर असता तर मीच शिडी लावून दिली असती!"

*

एक छोटासा. पहाटेच्या पाखरांचे आवाज रेकॉर्ड करायला एक गट झाडीत गेला. झाडीला लागून वस्ती. पाखरांच्या किलबिलाटात मधेच कुणाच्या तरी कुकरची खणखणीत शिटी! काढून टाका म्हटलं, तर तेवढ्यात ज्यूरी येऊन बसली. बाहेरून आलेले दाढीवाले परीक्षक डोळे मिटून ऐकत होते. शिटी झाली तसे ताठ बसले. "निसर्गावर माणसाचं अतिक्रमण! एकाच आवाजात!"

मुलांना ए ग्रेड मिळाली. समीर हळूच माझ्या कानात म्हणाला, "तीन शिट्या झाल्या असत्या तर ए प्लस."

*

तळ्याचा किस्सा मात्र समीरवर शेकतो. तळ्याकाठच्या कचऱ्यावर आम्ही फिल्म करत होतो. अर्धं शूटिंग झालं होतं. दुसऱ्या रविवारी मुलांना घेऊन उरलेलं करायला गेलो, तर तळ्याचा काठ चकाचक! पहाटेच स्वयंसेवकांची टोळी येऊन सगळं साफ करून गेली होती. फिरायला आलेली माणसं खूश होती, आणि आमची मुलं दुखवट्याला आल्यासारखी उभी.

"सर, कंटिन्युइटी गेली!" एकजण कळवळून म्हणाला. "आधीच्या शॉटमध्ये या दगडाशी निळी पिशवी होती."

एक टेम्पो अजून निघायचा होता. त्यात भरलेली पोती. समीर गेला. आधी हिंदीत विनंती केली, मग हात जोडले, मग ठेवणीतलं कन्नड काढलं: "स्वल्प कचरा!"

टेम्पोजवळचे स्वयंसेवक गृहस्थ त्याच्याकडे बघतच राहिले. कचऱ्याचं काय करणार, म्हणाले. मी मधे पडून समजावलं की आम्ही पर्यावरणाचे शिक्षक आहोत, तळं वाचवण्यावर फिल्म करतोय, त्यासाठी थोडा कचरा परत पसरायचाय, अर्ध्या तासात उचलून देऊ. बोलता बोलता माझं मलाच कसंतरी व्हायला लागलं.

त्यांनी एक पोतं दिलं. वर हसून म्हणाले, "नीट वापरा हं. सकाळपासून खपून गोळा केलाय."

शूटिंग झाल्यावर मुलांनी चिमटीनं वेचावा तसा कचरा परत भरला. ती निळी पिशवी मात्र त्या पोत्यात नव्हतीच. शूटिंगपुरती समीरनं स्वतःच्या डब्याची निळी पिशवी दगडाशी ठेवली होती.

*

आणि लॅबचा नागराज! आमचा लॅब असिस्टंट. 'लाइट बंद करा, पंखे बंद करा' असं आम्ही त्याला वर्षानुवर्षं सांगतोय, तो मान हलवतो, आणि सगळं चालूच. त्या वर्षी मुलांनी वीज वाचवण्याचं एक पोस्टर केलं. घामाघूम झालेली पृथ्वी, आणि खाली कन्नडमध्ये, 'जाताना माझी आठवण ठेवा, सगळं बंद करा.' लॅबच्या दारावर लावलं.

शुक्रवारी संध्याकाळी मुलांनी आपापल्या फिल्म्स रेंडरला लावल्या. म्हणजे कॉम्प्युटरनं शनिवार-रविवार एकट्यानं राबून चित्रांची फिल्म तयार करायची. सोमवारी सबमिशन. सोमवारी सकाळी लॅब उघडली तर सगळं थंडगार. एकही मशीन चालू नाही.

"नागराज!" मी जवळजवळ किंचाळलेच.

नागराज शांतपणे पोस्टरकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, मुलांनी फार चांगलं केलंय हो. बघितलं आणि मनाला लागलं."

मुलं त्याच्याकडे बघत होती, मी मुलांकडे. एकालाही रागावता येईना. आमच्या विषयानं डोळ्यांदेखत बदललेला हा पहिला माणूस! सबमिशन दोन दिवस पुढे ढकललं आणि पोस्टरला पैकीच्या पैकी मार्क दिले.

*

मग प्रदर्शन आलं.

प्रज्वलचा मासा आता झकास पोहत होता. छोटासा, रुपेरी. पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यातून निघून त्याला तळ्यापर्यंत पोचायचं. वाटेत प्लॅस्टिक, जाळ्या, आणि सगळ्यात अवघड म्हणजे एक कारखाना. कारखान्याच्या मागच्या पाइपातून जांभळं पाणी पडायचं, आणि त्यात सापडला की मासा उलटा.

तो कारखाना पडद्यावर इतका खरा दिसत होता की मी प्रज्वलची पाठ थोपटायला गेले. पोरगं घामानं भिजलेलं. म्हणाला, "मॅम, तुम्ही म्हणालात जाऊन बघा. कॅमेरा घेऊन कोण आत घेतंय? सगळ्यांनी हाकलून दिलं. मग मी आमच्याच युनिटवर गेलो."

"अण्णांनी घेऊ दिलं?"

"स्वतः फिरवून दाखवलं! फुडनं घे, मागनं बी घे, म्हणाले. पाइपाशी उभं राहून फोटोसुद्धा काढून घेतला."

म्हणजे अण्णा आता आपलाच कारखाना बघणार! कारखाना काढून टाक म्हणावं तर अख्खा गेम कोसळला असता. ऐनवेळी त्या बिचाऱ्यानं एवढंच केलं, पिवळं गेट हिरवं करून टाकलं.

अण्णा आले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, कपाळाला कुंकू. सगळ्यांना नमस्कार करत सरळ प्रज्वलच्या टेबलाशी. खुर्चीवर बसले. प्रज्वलनं कुठली बटणं दाबायची ते दाखवलं.

मासा निघाला. प्लॅस्टिकमध्ये अडकला, सुटला. जाळीतून निसटला. अण्णा खुर्चीत पुढे सरकले. कारखाना आला. जांभळं पाणी. मासा उलटा.

"पुन्यांदा," अण्णा म्हणाले.

पुन्हा उलटा. पुन्हा. अण्णांनी बाह्या वर सारल्या. मागे रांग लागली. कुणाची तरी मुलगी म्हणाली, "अंकल, आता माझा नंबर ना?" अण्णांना ऐकूच गेलं नाही. मासा उलटा झाला की ते जिभेनं च्यक करायचे आणि पुन्हा बटणावर बोटं ठेवायचे.

मधेच थांबले. पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"गेटचा रंग चुकलाय की रं," म्हणाले. "आपलं पिवळं हाय."

प्रज्वलनं मान खाली घातली. समीरनं माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. जून महिना दारात येऊन उभा राहिलाय असंच मला वाटलं.

अण्णांनी आणखी एकदा मासा सोडला. उलटा. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि युनिटवर नंबर लावला.

"हां, चंद्रू. मागचा पाइप बंद कर. आत्ता. हां, आत्ताच्या आत्ता." पलीकडचं माणूस काहीतरी विचारत असावं. "न्हाई रं, तपासणीला साहेब-बिहेब कुणी आलं न्हाई." पुन्हा काहीतरी प्रश्न. अण्णा वैतागले. "अरे, मासा पलीकडं जाईना झालाय!"

फोन खिशात ठेवला. बाह्या नीट केल्या. बोटं बटणांवर ठेवली आणि मान न वळवता प्रज्वलला म्हणाले,

"सरी. आता सोड मासा."