शुक्रवारी परत न्यायचं चित्र

रिबन्याक गावच्या चित्रशिबिरात जेवणघराच्या दाराला आतून नियमांचा एक कागद चिकटवलेला आहे. एकेचाळीस वर्षं झाली, कागद तोच. खालचा कोपरा रश्श्याच्या हातांनी तांबडा झालाय. तिसरा नियम असा: आठवडाभरात काढलेल्यांपैकी सर्वांत चांगलं चित्र प्रत्येकानं गावाला द्यावं. त्या बदल्यात गाव सात दिवस झोपायला खाट देतं, तिसा नदीतले मासे देतं, जर्दाळूची दारू, राकिया, देतं आणि चित्रकारांची बडबड ऐकून घेतं, जे सर्वांत अवघड काम आहे. पण हा नियम कुणी वाचत नाही. चित्रकार मंडळी चांगलं चित्र गुपचूप गाडीच्या डिकीत ठेवतात आणि गावाच्या पदरात उरलंसुरलं टाकतात. गावालाही ते ठाऊक असतं. लामारानं मात्र तो कागद वाचला, आणि ती तशीच वागली.

यात तिचा दोष थोडा आणि तिच्या शिक्षणाचा जास्त. लामारा जॉर्जियातल्या कुताइसीची. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर सर्बियात आली. नवरा मालवाहू बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. एका वर्षी तो कामासाठी ऑस्ट्रियाला गेला आणि तिकडेच दुसऱ्या घरात रमला. ही मागं राहिली. इथली भाषा ती सरकारी कागद आणि दुकानांच्या पाट्या वाचून शिकली होती, त्यामुळं लिहिलेलं असतं ते खरं असतं, असा तिचा भाबडा समज झाला होता. शेचाळिसाव्या वर्षीही तो समज गेला नव्हता.

शहरात जुन्या रेशीम गिरणीच्या माळ्यावर चित्रकार मंडळाचे स्टुडिओ आहेत. तिथल्या उत्तरेकडच्या खिडकीखाली सात वर्षं तिला जागा मिळाली होती, पाहुणी म्हणून. आता मंडळानं ठराव केला होता की नव्या वर्षापासून जागा फक्त सभासदांना. सभासद व्हायचं तर दोन जुन्या सभासदांच्या सह्या हव्यात आणि ऑक्टोबरात निवड समितीपुढं एक चित्र ठेवायला हवं. समितीनं तिला आधी दोनदा परत पाठवलं होतं. "बाई, तुमच्या नदीतसुद्धा काकेशसचे डोंगर दिसतात," असं कुणीतरी म्हणालं होतं आणि बाकीचे हसले होते. तीही हसली होती. मग घरी येऊन तिनं ते नदीचं चित्र जवळून, लांबून तासभर न्याहाळलं होतं. डोंगर खरंच दिसत होते.

त्या खिडकीशिवाय दुसरी जागा तिच्याकडं नव्हती. भाड्याच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास आला की घरमालकीण जिन्यातून ओरडायची. म्हणजे खिडकी गेली की चित्रकारी गेली, आणि चित्रकारी गेली की या देशात आपण नेमक्या कशाला राहिलो, याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं. उन्हाळाभर ती याच काळजीत होती. एक सही रादोयेची मिळाली होती. रादोये म्हणजे दगड फोडणारा शिल्पकार. त्यानं कागद न वाचताच सही ठोकली. दुसरी सही वुकोसावा, म्हणजे सगळ्यांची वुकामावशी, देणार होती. वुकामावशीचं वय एकाहत्तर, समितीत बसणारी, आणि तिच्या शब्दाला मंडळात वजन.

आणि रिबन्याकला लामाराच्या हातून ते चित्र झालं. गावाच्या धक्क्यावर दोराच्या आधारानं चालणारा एक तराफा आहे, माणसं आणि ट्रॅक्टर पलीकडं नेणारा. वरच्या अंगाला नवा पूल झाल्यानं हा त्याचा शेवटचा मोसम. लामारानं रिकामा तराफा काढला आणि पाण्यात बुडत गेलेला दोर. बस्स, एवढंच. पण त्यात एकही डोंगर नव्हता. गुरुवारी सकाळी चित्र पाहून तिला स्वतःलाच भीती वाटली, इतकं ते बरं झालं होतं. तिनं नियम क्रमांक तीन आठवला आणि चित्र उचलून, गावाला मिळालेली चित्रं कोठीत सांभाळणाऱ्या योश्काकडं देऊन आली.

शुक्रवारी दुपारी धक्क्यावर कढईत माशांचा रस्सा उकळत होता. रादोये पळीनं ढवळत होता आणि कोण कुठलं चित्र टाकून जाणार याची चेष्टा करत होता.

"मी काय देणार, माहितीये? मंगळवारचा तो घोडा. तीन पायांचा झालाय. गावाला चालेल, त्यांच्याकडं एका पायाची कोंबडी आहेच." मग लामाराकडं वळून, "आणि तू गं? तो पिवळा कचरा देऊन टाक, काय ती सूर्यफुलं का काय."

"मी दिलं की. तराफा दिला."

रादोयेची पळी थांबली. "कुठला तराफा?"

"तोच. नियमात लिहिलंय ना, सर्वांत चांगलं द्यायचं."

आधी रादोये हसला, मग सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "अरे, हिनं कागद वाचला!" आणि पुन्हा हसणं. लामाराही सवयीनं हसू लागली, पण वुकामावशी हसत नव्हती, हे पाहून ती थांबली. मावशीनं वाटी खाली ठेवली, तिच्या दंडाला धरलं आणि तिला बाभळींच्या सावलीत नेलं.

"मूर्ख आहेस का गं तू? समितीपुढं काय ठेवणार? सूर्यफुलं?"

"मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते राहू दे. ती सूर्यफुलं घेऊन आलीस तर माझी सही असली काय नि नसली काय. तिसऱ्यांदा नाही म्हटलं की समिती पुन्हा अर्ज घेत नाही, ठाऊक आहे ना? जा, आत्ताच्या आत्ता जा आणि परत माग."

"दिलेलं परत कसं मागू? लाज वाटते, मावशी."

"लाज मलाही वाटली होती," वुकामावशी बोलून गेली. मग उगाच चिडून, "जा म्हटलं ना! उद्या शनिवार. शनिवारनंतर काही होत नाही."

"तुम्ही येता बरोबर? तुमचं ऐकेल तो."

"कोठीत धूळ असते. मला खोकला येतो."

धक्क्यापासून कोठीपर्यंत दहा मिनिटांची वाट, लामाराला ती संपता संपेना. दर पावलाला ती वाक्य जुळवत होती. योश्काकाका, जरा चूक झाली. योश्काकाका, एका दिवसासाठी द्याल का? योश्काकाका, मला तुमची भाषा नीट येत नाही. शेवटचं तिला बरं वाटलं, कारण ते खोटं होतं आणि लोकांना ते नेहमी पटतं. मग तिला आठवलं की पहिल्या दिवशी ती भिजून आली तेव्हा याच माणसानं स्वतःचे लोकरी मोजे काढून दिले होते. तिनं तेही वाक्य सोडून दिलं.

योश्का दारातच मिरच्यांची माळ टांगत होता. अठ्ठावन्न वर्षांचा, गावातला हंगेरियन, जेवढं बोलायचं तेवढंच बोलणारा. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि ती तोंड उघडायच्या आधीच आत जाऊन चित्रांच्या नोंदीची जाडजूड वही आणली.

"हे बघ. पेन्सिलीनं लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे खोडता येतं. गुरुवारपर्यंत आलेलं सगळं मी पेन्सिलीनं लिहितो. शुक्रवारी कुणी ना कुणी येतंच परत न्यायला. शनिवारी शाईनं गिरवतो. त्यात लाजायचं काय? चित्र आत आहे, घेऊन जा. बदल्यात दुसरं आणून ठेव म्हणजे झालं."

इतकं सोपं असेल असं लामाराला वाटलं नव्हतं. ती आत गेली. कोठी म्हणजे पूर्वीचं धान्याचं गोदाम. फळ्यांच्या मांडण्यांवर एकेचाळीस वर्षांची चित्रं. ती एकेक पाहत गेली आणि खट्टू होत गेली. मोठमोठ्या माणसांची नावं, आणि काय काय देऊन गेले होते! घाईतले सूर्यास्त. अर्धीच रंगवलेली होडी. एका नामवंतानं तर फुलदाणी काढून फुलं काढायचा कंटाळा केला होता. गावानं प्रत्येकाला नंबर देऊन, धूळ पुसून जपून ठेवलं होतं. तिला संताप आला, आणि संतापाच्या मागोमाग स्वतःची शरम वाटली, कारण तीही त्याच कामाला आली होती.

टोकाच्या भिंतीवर, उजेडात, एकच चित्र टांगलेलं होतं. लाल मिरच्या ओवणारी एक बाई. तो लाल रंग असा होता की लामारा जवळ जायला बिचकली.

"माझी आई," योश्का मागून म्हणाला. "वुकोसावानं काढलंय. चौतीस वर्षं झाली. पहिल्यांदा आली होती तेव्हा. तिनंही कागद वाचला होता बघ, तुझ्यासारखा."

लामारा वळली. "मग परत मागायला नाही आली?"

"आली ना. शुक्रवारीच. सात आठवड्यांवर तिचं बेलग्रेडचं प्रदर्शन होतं, तिथं हेच ठेवायचं होतं. पण तेव्हा वही माझा बाप लिहायचा, आणि तो पहिल्या दिवशीच शाई लावायचा. म्हणाला, लिहिलं ते लिहिलं. ती इथंच उंबऱ्यावर बसून रडली. मी चोवीस वर्षांचा होतो, मला बघवेना." त्यानं वही काखेत मारली. "बाप गेला तसा मी पेन्सिल घेतली. ती दरसाल येते, पण कोठीत पाय ठेवत नाही. आणि आम्हाला देते काय, तर ताटलीतले कांदे. दरसाल कांदे."

लामारानं तराफ्याचं चित्र उचललं. ते घेऊन ती दारापर्यंत आली. तिथं थांबली. हे नेलं तर पुढच्या वर्षीही शुक्रवारी यायचं, त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि मग या मांडणीवर आपल्या नावाची तीस सूर्यफुलं. न नेलं तर कदाचित पुढचं वर्षच नाही. दोन्हीची तिला सारखीच भीती वाटली. ती परत फिरली आणि चित्र जागेवर ठेवलं.

"काका, शाई लावा."

"शनिवारी लावतो म्हटलं ना."

"आत्ता लावा. उद्यापर्यंत माझा धीर राहायचा नाही."

योश्कानं तिच्याकडं बघितलं, खिशातलं पेन काढलं आणि सावकाश गिरवलं. शेवटचं अक्षर झालं आणि लामाराला कळलं की आपण काय करून बसलो. ती धावतच धक्क्यावर आली. वुकामावशीनं तिच्या रिकाम्या हातांकडं बघूनच ओळखलं.

"नाही दिलं? तो तर मागेल त्याला देतो!"

"दिलं होतं. मीच परत तिथं ठेवलं. शाई लावून आले."

मावशीचा चेहरा उतरला. आता ही आपल्याला हाकलणार, सही तर विसराच, असं लामाराला वाटलं. म्हणून ती घाईघाईनं जे तोंडात आलं ते बोलली. "मी तुमच्या मिरच्या पाहिल्या."

मावशीनं कोठीच्या दिशेला पाहिलं. मग तिनं विचारलं, "ओल आहे का तिथं? भिंतीला?"

"नाही. कोरडं आहे. उजेडात लावलंय."

"लाल उडाला असेल."

"नाही उडालेला."

"चल, दाखव," मावशी म्हणाली. रादोये मागून ओरडला की रस्सा गार होईल. दोघींनी वळूनही पाहिलं नाही.

योश्का अजून दारातच होता. वुकामावशीला येताना पाहून त्यानं टोपी काढली आणि बाजूला झाला. मावशी आत गेली. खोकला वगैरे काही आला नाही. चित्रासमोर उभी राहिली, चष्मा पुसला, परत लावला. लामारा मागं उभी.

"हात आखूड आलाय," मावशी म्हणाली.

"काय?"

"डावा हात बघ ना. खांद्यापासून आखूड आहे. पोराच्या हातासारखा." तिनं हवेत बोटानं माप घेतलं, आणखी जवळ गेली. "लाल चांगला आहे. पण हात चुकलाय. चौतीस वर्षं मी या चित्रासाठी रडले. बेलग्रेडला रिकाम्या भिंतीपुढं बसून राहिले. दुसरं काढलं नाही, हेच आठवत बसले. आणि हिचा हात आखूड!" ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. योश्कानं खुर्ची पुढं केली, ती बसली नाही.

"तुझं कुठंय?" तिनं विचारलं. लामारानं तराफा दाखवला. मावशीनं तो बारकाईनं पाहिला आणि मान हलवली. "छान आहे. दहा वर्षांनी येऊन बघ, यातही काहीतरी आखूड सापडेल. कागद कुठंय तुझा?"

अर्ज लामाराच्या पिशवीत होता, उन्हाळाभर तिथंच होता. मावशीनं योश्काकडून पेन घेतलं, वहीचा आधार घेतला आणि सही केली.

"पण समितीपुढं काय ठेवू, मावशी? सूर्यफुलं तर..."

"सूर्यफुलं जाळ. पाच आठवडे आहेत तुझ्याकडं. मला सात होते. माझ्या गाडीत मोठा कॅनव्हास आहे, दीड मीटरचा, कोरा. कांद्यांना लागत नाही तेवढा." मावशीनं पेनाचं टोपण लावलं. "आणि तो तराफा आठवत बसू नकोस. तराफा गेला."

लामारानं अर्ज घडी करून पिशवीत ठेवला, मावशीकडून गाडीची किल्ली घेतली आणि ऊन उतरायच्या आत तो कॅनव्हास घेऊन नदीवर पोचायचं म्हणून पळत सुटली.