ओ देणारं माणूस

आमच्या घरात कोणी "आई ग" म्हटलं की आतून ओ यायची. मुलीच्या पायाला उंबरठा लागला, बोट दारात चेमटलं, की ती ओरडायची "आई ग!" आणि स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, "ओ, आले." दुखलं की सगळेच आई ग म्हणतात, त्याला कोणी ओ देत नाही. ही द्यायची. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तरी फोनवर तेच चालायचं.

ही माघात गेली. मुलीला दिवस गेल्याचं तिला कळलं होतं, तेवढं बरं झालं. दवाखान्यात पडल्या पडल्या मला म्हणाली, "पहिलं बाळंतपण आपल्याकडे करायचं. तिला एकटी पाडायची नाही." मी हो म्हणालो. तेव्हा तिने काहीही मागितलं असतं तरी हो म्हणालो असतो.

आषाढात मुलगी उज्जैनला आली. घरात मी एकटा. जन्म मिलमध्ये गेला, शाळा पाचवीपर्यंत. शेक-शेगडी, बाळंतकाढा यातलं मला काय कळणार? ते सगळं बंद दाराआड व्हायचं. मुलीच्या वेळी मी ओट्यावर बसून होतो. आत कोणी काय केलं ते ना मी विचारलं, ना कोणी सांगितलं. देवासला मेव्हणी आहे, तिला फोन केला. ती म्हणाली, "भावजी, मला संडासला जायला दोन माणसं लागतात. मी येऊन काय करू, तिच्या शेजारी निजू?"

मग मुलीनेच मोबाइलवर एक बाई शोधली. डूला म्हणतात म्हणे.

"म्हणजे दाईच ना?"

"नाही बाबा. दाई बाळ काढते. ही जवळ बसते. हात धरते, कंबर दाबते, धीर देते. नंतर घरीही येते."

"जवळ बसायचे पैसे? जवळ बसायला मी आहे की."

"तुम्हाला आत घेत नाहीत, बाबा. बाईमाणूसच लागतं."

ठेवली बाई. जुन्या शहरात गोपाळ मंदिराच्या मागे राहणारी, माळवी बोलणारी, चांगली आडव्या अंगाची. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "बाबूजी, आप भी सीख लो, कमर कैसे दबाते हैं." मुलगी पलंगावर कुशीवर वळली. मी उठून बाहेर गेलो. बापाने काय लेकीची कंबर दाबायची? बाई मागून हसली, "भाग गए बाबूजी!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवस भरलेत, कळांचं औषध द्यायचंय, शनिवारी भरती करा नाहीतर सोमवारी, तुम्ही ठरवा. असली ठरवाठरवी सगळी ही करायची. मी पंचांग काढलं, तिथी बघितली, अमावास्या नाही ना ते बघितलं. श्रावणी सोमवार, महाकालचा वार, म्हटलं याहून चांगलं काय असणार. सोमवार सांगून आलो. सगळं बघितलं आणि सवारी विसरलो. श्रावणात दर सोमवारी महाकाल पालखीतून रामघाटावर जातात, जुन्या शहराचे रस्ते बंद होतात, हे उज्जैनच्या लहान पोरालाही ठाऊक. त्या दिवशी आमच्याकडे कोणी पाहुण्यालाही बोलवत नाही.

सकाळी नव्या शहरात, फ्रीगंजच्या दवाखान्यात तिला भरती केलं. जावई पुण्याहून निघाला होता, गाडीत होता. डूलाबाई आल्या, बसल्या. दुपारी सिस्टर म्हणाली, संध्याकाळच्या आधी काही होत नाही. मीच बाईंना म्हटलं, "आप घर जाके खाना खा के आ जाओ." त्या गेल्या. आणि तासाभरात मुलीच्या कळा जोरात सुरू झाल्या.

फोन लावला. मागे ढोल-झांजा, माणसांचा गलका. बाई ओरडत होत्या, "बाबूजी, बैरिकेड लगा दिए! निकलने नहीं दे रहे! मैं आ रही हूँ, पैदल आ रही हूँ. तब तक आप दबाओ. कमर के नीचे, दोनों हथेली से, जोर से!"

मुलगी पलंगाची दांडी धरून वाकली होती. मी मागे उभा राहिलो. हात ठेवले. मिलमध्ये या हातांनी एवढाले रूळ उचलले, पण इथे किती जोर लावायचा तेच कळेना.

"खाली, बाबा."

"इथे?"

"अजून खाली. तिथे नाही... जाऊ दे, सोडा. सोडा!"

सोडले. पंख्याखाली उभा राहून घाम पुसत राहिलो.

सिस्टर व्हीलचेअर घेऊन आली. "अंकल, लेडीज़ कौन है साथ में?"

"आ रही है."

"कब आएगी? डिलीवरी रुकेगी क्या उसके लिए?"

नेली तिला. दार लागलं. मी समोरच्या बाकावर बसलो. मग आतून आलं, "आई ग!"

माझी मान आपोआप मागे वळली. मागे नुसता कॉरिडॉर. दुसऱ्यांदा आलं, तिसऱ्यांदा आलं. आत कोणी ओ देत नव्हतं. एकदा माझ्याच तोंडाशी आली ओ, पण बाजूला परके लोक बसले होते, आणि ती हाक काही मला नव्हती. एकटी पाडायची नाही, ही म्हणाली होती. दाराच्या अलीकडे बसून मी काय करणार होतो?

बाई आल्या तेव्हा साडीचा काठ चिखलाने भरलेला, चप्पल हातात, केसांत सवारीवर उधळलेल्या फुलांची पाकळी. माझ्याकडे न बघता दार ढकलून आत गेल्या. पुढची "आई ग" आली, आणि तिच्या मागोमाग बाईंचा आवाज, "हाँ बेटा, हाँ, मैं हूँ ना."

मला हायसं वाटलं. रागही आला. त्या जागी ही हवी होती, पैसे देऊन आणलेली बाई नको होती. तोंडावर पंचा धरून बसलो.

नात झाली. काळीसावळी, नाक आजीचं.

आता आम्ही घरी आहोत. जावई येऊन भेटून गेला, त्याची रजा संपली. बाई सकाळी येतात, तेल लावतात, शेकतात, दुपारी जातात. काल त्या गेल्यावर मुलगी एकटीच पलंगावरून उठायला गेली. टाके ताणले गेले. "आई ग!"

मी स्वयंपाकघरात दूध तापवत होतो. तोंडातून निघून गेलं, "ओ, आलो."

गेलो खरा, पण बाळंतिणीच्या खोलीच्या दारातच थांबलो. पुढे काय करायचं ते कळत नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरलेले. मागे दूध उतू गेल्याचा वास सुटला.

"दूध राहू दे बाबा," ती म्हणाली. "आत या. मला धरून उठवा. काखेत हात घाला... हां, तसं नाही."

कसं ते ती सांगत गेली.