शमीची डहाळी
गणपतीच्या मखराचा खोका उघडला की तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली शमीची वाळकी डहाळी हाती लागते. इथलं, शारजातलं घाफचं झाड म्हणजे आपली शमी, हे कळल्यावर मी हट्टालाच पेटले होते. पत्रीत शमी हवीच. तोडायला बंदी आहे हेही ठाऊक होतं. हरतालिकेच्या सकाळी आम्ही तिघं शारजाहून डोंगराजवळच्या कोरड्या नदीपात्रात गेलो. पुरात उन्मळलेली घाफची जुनी झाडं आडवी पडली होती आणि गाळात गुडघाभर उंचीचं एकच हिरवं रोप होतं. मी त्याचा शेंडाच मोडला. "आई, इट्स अ बेबी," मुलगी म्हणाली. तेवढ्यात पाण्याचा कॅन घेऊन तिथला रखवालदार आला. "भाभी, सैलाब में सब बह गए. ये एक अपने-आप उगा, रोज पानी देता हूं." "पूजा के लिए," नवरा पुटपुटला. आता हा दंड सांगणार, असं वाटलं. रखवालदाराने माझ्या हातातल्या शेंड्यावरची धूळ फुंकरीने उडवली आणि म्हणाला, "तो ले जाइए, भगवान का है." ती डहाळी गणपतीला वाहायला हात धजला नाही, टाकवतही नाही. खोका उघडताना मुलगी अजून दुसरीकडे बघते.