शून्य चुकीचा नकाशा

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी संभाजीनगरच्या ऑफिसात एका धरणाखालच्या गावांचा नकाशा रंगवत बसले होते. भाऊ एवढंच म्हणाला, "सकाळी चहा पिऊन अंगणात बसलते, तिथंच मान टाकली." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि काही वेळ निळ्या रंगाच्या छटा उगाच बदलत राहिले... ऐंशी ओलांडलेलं वय, शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर, पोटात गरम चहा. रडू आलं, पण वाईट झालं असं काही म्हणवेना. आता तीन आठवडे होऊन गेलेत. मी नकाशे करून पोट भरते ते कॉलेजमुळे. पण केलेला नकाशा लोकांसमोर ठेवायची हिंमत माझ्यात आली ती तात्यांमुळे, म्हणून हे लिहितेय.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. दिंद्रुडजवळच्या आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीतले पहिले सरकारी नोकर. जमीन मोजणीच्या खात्यात ते भूकरमापक होते. पार कडा गावापासून माजलगावपर्यंत लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाले तरी पावलं मोजत चालायची खोड गेली नाही. लग्नाला गेले की वधूवरांकडे बघायच्या आधी मांडव किती फूट लांब आहे ते सांगून मोकळे. काकू वैतागून म्हणायची, "आधी हातातली फुलं टाका त्यांच्या अंगावर!"

मी बीडला भूगोलात एम. एस्सी. करत होते. दुसऱ्या वर्षी संगणकावर नकाशे करायला शिकवायचे, आणि मला त्याचं लई वेड लागलं. उपग्रहाचं चित्र पडद्यावर घ्यायचं, त्यावर रस्ते, ओढे, विहिरी यांचे थर एकावर एक चढवायचे, मग प्रश्न विचारायचे: कुठलं घर पाण्यापासून किती लांब, कुठला उतार कुठल्या ओढ्याला मिळतो. उत्तर पडद्यावर रंगून यायचं आणि मला वाटायचं, आता जगात लपलेलं काही राहिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन गावी गेले आणि मोठ्या ऐटीत तात्यांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून आमचं गाव वरून पाहिलं, आपलं घर शोधलं, खूश झाले. मग म्हणाले, "झ्याक हाय. पण सुजे, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं की."

मी हसण्यावारी नेलं. माझ्या प्रकल्पाचा विषय आमचंच गाव होता. गावाचा जुना कागदी नकाशा स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर बरोबर बसवायचा होता. त्यासाठी दोन्हीकडे सापडणाऱ्या खुणा जुळवाव्या लागतात. मी तीन खुणा घेतल्या: मारुतीच्या देवळाचा कोपरा, ओढ्यावरचा पूल आणि गायरानाकडची विहीर. संगणकाने चूक दाखवली शून्य. मी टाळीच वाजवली. सरपंचांना नकाशा इतका आवडला की त्यांनी तो रंगीत छापून पंचायतीच्या भिंतीवर लावला.

आणि तिथूनच घोळ झाला. आमच्या वस्तीची स्मशानभूमी गायरानात आहे. तिथे नुकतीच शेड मंजूर झाली होती. तोवर पावसाळ्यात कुणी गेलं की आमची माणसं चितेवर पत्रे धरून उभी राहायची. माझ्या आजीच्या वेळी मी ते पाहिलंय. माझ्या नकाशात मात्र अर्धी स्मशानभूमी शेजारच्या अप्पांच्या शेतात दिसत होती. अप्पांचं गावात किराणा दुकान, भांडखोर माणूस नव्हे. पण त्यांनी नकाशा पाहिला आणि माझ्या वडिलांना दुकानातूनच हाक मारून म्हणाले, "मी म्हणत न्हाई बरं का, तुमच्याच पोरीचा नकाशा म्हणतोय." शेडचं काम थांबलं. वस्तीत बाया माझ्याकडे बघून गप्प व्हायला लागल्या. शिकून सवरून मी माझ्याच माणसांच्या डोक्यावरचं छप्पर घालवलं होतं, आणि मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

तात्यांनी रागावायला हवं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "चूक किती आलती?"

"शून्य, तात्या."

ते इतके हसले की ठसका लागला. "शून्य? मोजणीत शून्य चूक आली म्हंजी मोजलंच न्हाई. तीन खुणांवर कसाबी कागद बसतो, पोरी. चौथी खूण तपासायला ठिवायची." मग ते मला उन्हात गायरानाकडे घेऊन गेले. मी जुळवलेली विहीर दाखवली, तर मान हलवत पुढे निघाले आणि बरंच चालल्यावर बाभळी माजलेल्या एका खड्ड्याशी थांबले. नकाशातली विहीर ती होती, कधीचीच बुजलेली. मी दुसऱ्याच विहिरीवर जुना नकाशा ताणला होता, आणि त्या बाजूची सगळी शेतं सरकली होती.

दुसऱ्या दिवशी मोजणी ठरली. शेजारी हजर असल्याशिवाय टेप उघडायची नाही, हा तात्यांचा नेम. ते स्वतः अप्पांच्या दुकानात जाऊन त्यांना घेऊन आले आणि टेपचं एक टोक त्यांच्याच हातात दिलं. दुसरं माझ्या. शिवेच्या दगडापासून मोजत आलो. स्मशानभूमी सगळी गायरानातच निघाली, वस्तीतल्या पोरांनी आरडाओरडा केला. तोच तात्या म्हणाले, "थांबा. आपलं काटेरी कुंपण चार फूट अप्पांच्या रानात गेलंय. ते मागं घ्या." एक जण चिडून म्हणाला, "तात्या, कावून सांगितलं? त्यांना तरी कुठं ठावं व्हतं?" तात्या टेप गुंडाळत राहिले. "मला ठावं झालतं ना," एवढंच म्हणाले.

कुंपण त्याच दिवशी मागे घेतलं. ग्रामसभेत उभं राहून नकाशा चुकला, चूक माझी, हे मला सांगावं लागलं. तात्या पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते, जणू मी पदकच घेतेय. पुढे सरकारी मोजणी आली तीही त्याच रेषेवर बसली. पावसाळ्याआधी शेड उभी राहिली.

तात्या गेल्याचा फोन आला त्या दिवशी दुपारी मी गावात पोचले तेव्हा तात्यांना न्यायची तयारी झाली होती, पण स्मशानभूमीचा रस्ता पाइपलाइनसाठी खोदून ठेवलेला. चार खांद्यांवर कुणाला घेऊन त्या चरावरून जाणं शक्य नव्हतं. माणसं वादावादी करत असताना अप्पा आले. आता तेही थकलेत. ते भावाला म्हणाले, "माझ्या रानातून न्या." आम्ही तिथे गेलो तर वेचणीला आलेल्या कापसातून त्यांनी पऱ्हाटीच्या चार ओळी उपटून वाट केली होती. उपटलेल्या झाडांवर बोंडं तशीच फुटलेली... मी अप्पांना हात जोडले.

त्या वाटेने आम्ही तात्यांना शेडखाली नेलं. चालताना एकच गोष्ट मनात येत होती. तात्यांना बोलता आलं असतं तर त्यांनी आधी मलाच हाक मारून विचारलं असतं, "सुजे, कुणाच्या रानातून नेताय मला? इचारलं का?"

अप्पांच्या, तात्या. आम्ही विचारायच्या आधीच ते हो म्हणाले.